‘विसरतो’ पण ‘विस्रून’: क्रियापद नेमकं कुठे तुटतं? बुलढाण्याच्या बोलीतून समजून घेऊया

एक छोटा प्रयोग करून बघा. ‘विसरतो’ हा शब्द नेहमीच्या वेगात मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवा. वि-सर्-तो. तीन टाळ्या. आता ‘विसरून’ म्हणा. बहुतेकांच्या तोंडून विस्-रून असं येईल. दोनच टाळ्या.

लिहिताना दोन्ही शब्दांत ‘विसर’ हीच तीन अक्षरं आहेत. बोलताना मात्र पहिल्या शब्दात ‘स’मधला ‘अ’ शाबूत राहतो आणि ‘र’मधला गळतो, तर दुसऱ्या शब्दात ‘स’मधलाच ‘अ’ गळतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी मराठी घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल यात चुकत नाही. तेच मूल शाळेत जाऊन अक्षर-अक्षर लावून वाचू लागलं की मात्र ‘वि-स-रू-न’ असं अडखळत वाचतं. आणि गावात ऐकलेलं ‘पाऊस येईन’ वहीत लिहिलं की त्याखाली लाल रेघ येते.

क्रियापदाला प्रत्यय कसा लागतो आणि प्रत्यय लागल्यावर उच्चाराचे तुकडे कसे पडतात, हे कळलं तर या दोन्ही अडचणींचं मूळ सापडतं. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यासारखी दुसरी जागा शोधून सापडायची नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. पश्चिमेला खानदेश, दक्षिणेला मराठवाडा, पूर्वेला अकोला-वाशीमचा वऱ्हाडी पट्टा आणि उत्तरेला सातपुडा. चारही बाजूंच्या बोली इथे एकमेकींना भेटतात.

धातू आणि त्याच्या मागचा डबा

शाळेच्या व्याकरणातून दोन शब्द आठवूया. क्रियापदाचं मूळ म्हणजे धातू: कर, बस, विसर, जा, ये. त्याच्या मागे जोडला जातो तो प्रत्यय: -तो, -ला, -ईल, -ऊन, -णार. मराठीत हे प्रत्यय मागूनच लागतात. काळ, पुरुष, लिंग, वचन ही सगळी माहिती त्या शेवटच्या डब्यात भरलेली असते. ‘बसली’ म्हटलं की बसण्याचं काम झालं, करणारी एक आहे आणि ती स्त्रीलिंगी आहे, हे सगळं एका ‘ली’तून कळतं.

जुन्या मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाच्या या रूपांना ‘आख्यात’ म्हटलं आणि त्यांची नावं प्रत्ययाच्या ठळक ध्वनीवरून ठेवली. ‘करतो’मध्ये त आहे म्हणून ते ताख्यात. ‘केला, बसला’मध्ये ल आहे म्हणून लाख्यात. ‘करावा’ हे वाख्यात, ‘करील’ हे ईलाख्यात, ‘करायचा’ हे चाख्यात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना ही आख्यातं आजही पाठ करावी लागतात. पण प्रत्ययाचा पहिला ध्वनी इतका महत्त्वाचा का, हे पाठ करताना सहसा कुणी सांगत नाही. उच्चाराची सगळी गंमत त्या पहिल्या ध्वनीवरच अवलंबून असते.

प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो की स्वराने?

प्रत्ययांचे दोन गट करूया.

- व्यंजनाने सुरू होणारे: -तो, -ते, -तात, -ला, -ली, -ले, -णार, -णे, -लेला
- स्वराने सुरू होणारे: -ऊन, -ऊ, -आ, -ईल किंवा -एल, -ईन किंवा -एन, -आवा, -आयचा

आता ‘बस’ हा एका टाळीचा धातू घ्या. व्यंजनाचा प्रत्यय लागला की ‘स’ आपल्या जागीच थांबतो: बस्-तो, बस्-ला, बस्-णार. स्वराचा प्रत्यय लागला की ‘स’ उठून पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो: ब-सा, ब-सून, ब-सेल. कारण साधं आहे. उच्चाराचा तुकडा व्यंजनाने सुरू व्हावा अशी आपल्या जिभेची आवड असते. प्रत्ययाकडे स्वतःचं व्यंजन नसलं की तो शेजाऱ्याचं, म्हणजे धातूचं शेवटचं व्यंजन ओढून घेतो.

दोन टाळ्यांचा धातू आला की याचा परिणाम आणखी मागे पोचतो. ‘विसर’ची रूपं बघा.

- विसर + तो: वि-सर्-तो
- विसर + ला: वि-सर्-ला
- विसर + णार: वि-सर्-णार
- विसर + ऊन: विस्-रून
- विसर + आ: विस्-रा
- विसर + एल: विस्-रेल
- विसर + आयचं: विस्-राय्-चं

‘र’ पुढे गेला की मागे ‘स’ एकटा पडतो आणि त्याच्यातला ‘अ’ दोन्ही बाजूंच्या स्वरांमध्ये सापडतो. मराठी अशा मधल्या ‘अ’ला टिकू देत नाही. तो गळतो आणि उरलेला ‘स्’ मागच्या ‘वि’ला चिकटतो. उतर, उचल, परत, ओरड, घसर, पसर, शिकव, बसव या सगळ्या धातूंना हाच नियम लागतो. उ-तर्-ला पण उत्-रून. ओ-रड्-ला पण ओर्-डून. शि-कव्-तो पण शिक्-वून.

यातली एक बारीक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘विसरत नाही’ यातलं ‘विसरत’ आपण विस्-रत् असं म्हणतो, पण ‘विसरतो’ मात्र वि-सर्-तो. शेवटी एक ‘ओ’ वाढला आणि तुकडे मागेपर्यंत बदलले. म्हणजे शब्दाचा उच्चार ठरवताना आपलं डोकं शेवटाकडून सुरुवात करतं. शेवट काय आहे ते बघायचं आणि मग मागे येत कुठला ‘अ’ ठेवायचा, कुठला गाळायचा ते ठरवायचं.

‘अ’ कधी गळत नाही?

नियमाला दोन कुंपणं आहेत.

पहिलं कुंपण: गळतो तो फक्त ‘अ’. ‘विचार’ या धातूत मधला स्वर ‘आ’ आहे, म्हणून वि-चार्-तो आणि वि-चा-रून. तो ‘आ’ कुठेही जात नाही.

दुसरं कुंपण: ‘अ’ गाळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर तो राहतो. ‘पत्कर’ घ्या. पत्-कर्-ला ठीक आहे. ‘पत्करून’मध्ये ‘क’चा ‘अ’ गाळला तर त्, क्, र् अशी तीन व्यंजनं एका ओळीत येतील. म्हणून आपण पत्-क-रून म्हणतो. थरथरून, सळसळून, लखलखून, झगमगून यांचंही तसंच. थर्-थ-रून. इथे ‘थ’चा ‘अ’ गाळला तर जीभ अडखळते.

ही दोन कुंपणं धरली तर मराठीतल्या बहुतेक क्रियापदांचे तुकडे बिनचूक पाडता येतात.

लिपी हे का सांगत नाही?

कारण देवनागरी लिहिताना आपण अक्षर मोजतो आणि बोलताना तुकडा मोजतो. ‘करतो’ लिहिताना तीन अक्षरं आहेत, बोलताना दोन तुकडे. कुणी म्हणेल, मग ‘कर्तो’च का लिहू नये? तसं लिहिलं तर ‘कर’ हा धातू डोळ्यांना दिसणार नाही. करतो, करून, करणार, करा या सगळ्यांत ‘कर’ तसाच दिसतो आणि वाचणाऱ्याला शब्दांचं घराणं ओळखता येतं. थोडक्यात, आपलं लेखन कानापेक्षा व्याकरणाची बाजू जास्त सांभाळतं.

यामागे इतिहासही आहे. जुन्या मराठीत ‘करितो’, ‘मारितो’ अशी रूपं होती. कर्म असलेल्या धातूंना मध्ये ‘इ’ लागायची. पडतो, बसतो अशा अकर्मक धातूंना ती लागत नसे. पुढे ती ‘इ’ झिजली. भविष्यकाळात तिची खूण अजून दिसते. जुन्या वळणाचे लोक ‘तो बसेल’ पण ‘तो मारील’, ‘तो करील’ असं लिहितात. आता ‘मारेल’, ‘करेल’ सर्रास चालतं. परीक्षेत ‘करील की करेल’ असा घोळ पडतो तो याच जुन्या दोन गटांमुळे.

गाण्यात आणि पोथीत गळलेला ‘अ’ परत येतो. अक्षरगणवृत्तात लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजलं जातं; तिथे ‘विसरून’ची चार अक्षरं चारच धरावी लागतात. शेगावात दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचं पारायण ऐकलं किंवा मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची कविता चालीवर ऐकली तर बोलताना गिळलेले ‘अ’ तिथे मोकळे झालेले कानाला कळतात.

एका ‘ल’चा फरक

प्रत्यय आणि धातू यांची शेवट-सुरुवात एकच असली तर काय होतं? ‘बोल’ला ‘ला’ लागला की ‘बोलला’. दोन ‘ल’ शेजारी येतात: बोल्-ला. आणि ‘बोल’ला आज्ञेचा ‘आ’ लागला की बो-ला. ‘तो बोलला’ आणि ‘तुम्ही बोला’ यांत बोलताना फरक एवढाच की पहिल्यात जीभ ‘ल’वर थोडी जास्त टेकते. मुलं ‘तो बोला’, ‘तो चाला’ असं लिहितात ते यामुळेच. ‘उचलला’ आणि ‘उचला’ यांतला फरक तर आणखी मोठा आहे: उ-चल्-ला आणि उच्-ला. अशा मुलाला ‘ल दोनदा लिही’ असं नुसतं सांगण्यापेक्षा ‘धातू कुठे संपला आणि प्रत्यय कुठे सुरू झाला’ हे टाळी वाजवून दाखवलं तर ते पुन्हा चुकत नाही.

अशीच दुसरी नेहमीची चूक ‘जावून’, ‘घेवून’, ‘येवून’ ही. प्रत्यय ‘-ऊन’ आहे. जा, घे, ये हे धातू स्वराने संपतात, त्यामुळे दोन स्वर शेजारी येतात आणि ओढायला व्यंजनच नसतं. जीभ मध्ये हलकासा ‘व’ आणते, आणि तो ऐकून आपण लिहून टाकतो. नियम सोपा आहे. धातूत ‘व’ असेल तरच ‘वून’ लिहायचं: धाव-धावून, ठेव-ठेवून, जेव-जेवून, चाव-चावून. नसेल तर ‘ऊन’: जाऊन, घेऊन, येऊन, खाऊन, गाऊन.

इटालियनमध्ये काय होतं?

हे सगळं फक्त मराठीचं नाही. इटालियन भाषेत ‘बोलणे’ या क्रियापदाचा धातू आहे ‘पार्ल’. त्याची वर्तमानकाळाची रूपं अशी: पार्लो (मी बोलतो), पार्ली (तू बोलतोस), पार्ला (तो बोलतो), पार्लियामो (आम्ही बोलतो), पार्लाते (तुम्ही बोलता), पार्लानो (ते बोलतात). नीट पाहिलं तर सगळे प्रत्यय स्वराने सुरू होतात. इटालियन क्रियापदांचे जवळपास सगळे प्रत्यय असेच आहेत. म्हणून तिथे धातूचं शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा पुढच्या तुकड्यात जातं: पार्-लो, पार्-ला-नो. मराठीला व्यंजनाचे आणि स्वराचे असे दोन्ही प्रकारचे प्रत्यय असल्यामुळे आपल्याला दोन्ही तऱ्हा सांभाळाव्या लागतात.

इटालियनमध्ये अडचण येते ती जोराची. ‘पार्लियामो’मध्ये जोर ‘लिया’वर आहे, पण ‘पार्लानो’मध्ये तो थेट पहिल्या ‘पार्’वर जातो. लिहिताना त्याची कुठलीही खूण नसते. आपल्याकडे ‘अ’ कुठे गळतो ते लिहिलेलं नसतं, त्यांच्याकडे जोर कुठे ते लिहिलेलं नसतं. शिकणाऱ्याला दोन्हीकडे अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज प्रत्ययावरूनच बांधता येतो.

दुहेरी व्यंजनाचा खेळ मात्र अगदी आपल्यासारखा आहे. ‘पार्लेरेमो’ म्हणजे ‘आम्ही बोलू’. ‘पार्लेरेम्मो’ म्हणजे ‘तशी वेळ आली तर आम्ही बोलू’, म्हणजे अटीचं बोलणं. एका ‘म’चा फरक आणि आश्वासनाची अट होते. ‘बोला’ आणि ‘बोलला’ यांत घोटाळा करणारं चिखलीचं मूल आणि या दोन रूपांत घोटाळा करणारा इटालियनचा विद्यार्थी एकाच बाकावरचे आहेत.

‘गेल्ता’ ही चूक आहे का?

आता पुन्हा बुलढाण्याच्या बोलण्याकडे येऊया. जिल्ह्यात आणि आसपासच्या पट्ट्यात रोज ऐकू येणारी ही रूपं बघा.

- गेला होता: गेल्ता
- आली होती: आल्ती
- केलं होतं: केल्तं
- तो येईल: तो येईन
- कसं होईल: कसं होईन
- उद्या ये: उद्या येजो
- पळाला: पयाला
- करत आहे: करून रायला किंवा करू रायला

‘गेला होता’ या दोन शब्दांत चार तुकडे आहेत: गे-ला-हो-ता. झपाट्याने बोलताना आधी ‘ह’ सुटतो, मग मधले स्वर आखडतात आणि उरतात दोनच तुकडे: गेल्-ता. वर आपण पाहिलेलाच हा नियम आहे. मधला स्वर गळतो आणि व्यंजन मागच्या तुकड्याला चिकटतं. फरक इतकाच की इथे तो दोन शब्दांच्या सांध्यावर लागू झाला.

आणखी एक गोष्ट घडली. ‘गेली होती’मध्ये स्त्रीलिंगाची खूण दोनदा येते. ‘गेल्ती’मध्ये ती एकदाच, शेवटी येते. ‘गेल्ता, गेल्ती, गेल्तं, गेल्ते’ असं पूर्ण चालवता येणारं रूप तयार झालं आहे. म्हणजे ‘होता’ हा वेगळा शब्द झिजून ‘-ता’ हा प्रत्यय झाला.

ही गावंढळ मोडतोड वाटत असेल तर इटालियनच्या भविष्यकाळाकडे बघा. लॅटिनमध्ये ‘आमारे हाबेओ’ असे दोन शब्द होते. ‘आमारे’ म्हणजे प्रेम करणे आणि ‘हाबेओ’ म्हणजे माझ्याकडे आहे. मिळून अर्थ साधारण ‘मला प्रेम करायचं आहे’. लोकांच्या बोलण्यात हे दोन शब्द झिजून एक झाले आणि आजचं इटालियन ‘आमेरो’ (मी प्रेम करेन) तयार झालं. आज ते इटलीच्या प्रत्येक शाळेत प्रमाण व्याकरण म्हणून शिकवलं जातं. आपल्या ‘गेला’मधला ‘ल’ही असाच मागून आलेला आहे. संस्कृत ‘गत’चं प्राकृतात ‘गअ’ झालं, त्याला ‘इल्ल’ हा प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून ‘गेला’ आला. प्रत्यय जन्माला येण्याची रीत सगळीकडे हीच आहे. खामगावच्या बाजारात ऐकू येणारं ‘गेल्ता’ त्याच रस्त्यावर आहे.

‘पाऊस येईन’

भविष्यकाळात प्रमाण मराठी ‘मी येईन’ आणि ‘तो येईल’ असा फरक करते. वऱ्हाडीत दोन्हींकडे ‘येईन’ चालतं: मी येईन, तो येईन, पाऊस येईन. ‘तू येशील’चंही ‘तू येशीन’ होतं. कोण येणार ते आधीच्या शब्दावरून कळत असल्याने बोलणाऱ्यांचं काही अडत नाही. तुकड्यांच्या दृष्टीने ये-ईल आणि ये-ईन सारखेच. फक्त शेवटचं व्यंजन वेगळं.

‘येजो’, ‘करजो’, ‘जाजो’ ही रूपं तर प्रमाण मराठीत नसलेली एक सोय पुरवतात. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे नंतर, सवडीने ये. त्यात आर्जवही आहे. गुजराती माणूस निरोप घेताना ‘आवजो’ म्हणतो ते याच कुटुंबातलं. ‘जो’ हा व्यंजनाचा प्रत्यय आहे, त्यामुळे ‘विसर’ला तो लावला की वि-सर्-जो होणार, हे आता तुम्हीही सांगू शकाल.

आणि ‘पयाला’? वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा-डोया, काळा-काया. तोच बदल धातूतही होतो. जळ-जय, पळ-पय. प्रत्यय मात्र जसेच्या तसे लागतात: जय्-ला, प-यून. धातूचा शेवटचा ध्वनी बदलला, तुकडे पाडण्याचा नियम बदलला नाही. बोलीला व्याकरण नसतं असं म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरेसं आहे.

ही बोली पुस्तकात उतरू शकते हे या जिल्ह्यानेच दाखवलं आहे. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीत शेतकरी कुटुंब आपल्याच भाषेत बोलतं. २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी, १९०५ साली, ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडीची वेगळी नोंद झाली होती. आणि तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींचा मेहकर-लोणार भागातला वावर येतो. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाला या मातीची ओळख होती.

त्याच जिल्ह्यात, एक एकटी भाषा

प्रत्यय आणि तुकडे यांची बाब जिथे सगळ्यात नाजूक आहे ती जागा घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जळगाव जामोद तालुक्यात निहाली भाषा बोलणाऱ्या लोकांची वस्ती आहे. बोलणारे साधारण दोन-अडीच हजार. ही भाषा मराठीसारखी आर्य कुळातली नाही, तेलुगू-कन्नडसारखी द्राविड नाही आणि शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातलीही नाही. तिने या सगळ्यांकडून भरपूर शब्द घेतले, पण तिच्या गाभ्यातल्या शब्दांचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी ठामपणे जोडता आलेलं नाही. १९०६ साली भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात तिची नोंद झाली आणि १९६२ साली डच अभ्यासक कायपर यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

निहालीतही क्रियापदाला मागून प्रत्यय लागतात. पण तिला स्वतःची लिपी नाही आणि मुलं शाळेत मराठी शिकतात. आज तिचे शब्द कुणी देवनागरीत लिहून ठेवले तर आपली नेहमीची सवय आड येते. ‘अ’ गळतो की राहतो हे आपण लिहीत नाही, कारण मराठी वाचणाऱ्याला ते आतून माहीत असतं. निहालीच्या बाबतीत पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. म्हणून अशा भाषेची नोंद करताना धातू कुठे संपतो, प्रत्यय कुठे सुरू होतो आणि तुकडा कुठे पडतो हे हलन्त देऊन किंवा आडवी रेघ टाकून दाखवावं लागतं. ती रेघ राहिली तर शब्द उरेल आणि उच्चार जाईल.

हे कळून उपयोग काय?

उपयोग अगदी रोजचा आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला ‘उतरून’ वाचता येत नसेल तर आधी ‘उतर’ झाकून ‘ऊन’ दाखवा, मग ‘ऊन’ झाकून ‘उतर’ दाखवा आणि दोन्ही जोडून टाळ्या वाजवा. अक्षरांपेक्षा तुकड्यांनी वाचणारं मूल लवकर सलग वाचू लागतं. मजकूर छापताना ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर ‘उत-रला’पेक्षा ‘उतर-ला’ वाचायला सोपं जातं. लिहिलेलं वाचून दाखवणारं मशीन ‘विसरून’ला ‘विसरुन्अ’ करत असेल तर त्याला धातू आणि प्रत्यय यांचा सांधा कळलेला नाही, हेही आता ओळखता येईल.

आणि मुलाने ‘पाऊस येईन’ लिहिलं तर लाल रेघ मारण्याआधी एक वाक्य बोलता येईल: ‘आपल्या बोलीत इथे न लागतो, पुस्तकाच्या मराठीत ल लागतो, पेपरात पुस्तकातला लिही.’ मुलाला प्रमाण मराठी येणं गरजेचं आहेच, नोकरीचे अर्ज आणि परीक्षा त्याच भाषेत असतात. पण त्यासाठी घरची भाषा चुकीची ठरवावी लागत नाही. दोन्हींत धातू तोच आहे, फक्त मागे लागलेला प्रत्यय वेगळा आहे. हे ज्या मुलाला कळलं, त्याला दोन्ही भाषा येतात.